युनिट ३, ओव्हरहॉल २०२४ : तपासणीच्या नोंदी

२२ जुलै २०२४

औष्णिक वीजकेंद्राचं युनिट ३, २१० मेगावॉट. ग्रिडला पहिल्यांदा जोडलं १९८७ साली. आज लॉगवरून चालू तास काढले, २ लाख ३१ हजार भरले. बॉयलर नियमांनुसार ४०० अंश सेल्सिअस आणि त्यावर चालणाऱ्या भागांचं उर्वरित आयुष्य १ लाख तासांनंतर तपासायला घ्यावं लागतं. तो टप्पा आमच्या युनिटने कधीच ओलांडला. मग दर ओव्हरहॉलला तपासणी होतेच, प्रश्न फक्त कशाची, हा.

जुन्या यादीत तपासणीचे ४१२ बिंदू आहेत. मी ती नकाशावर रंगवून पाहिली. बहुतेक बिंदू कायमच्या प्लॅटफॉर्मपासून हाताच्या अंतरावर. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. पहिल्या वेळी जिथे सहज पोहोचता आलं तिथे मोजलं, पुढच्या वेळी ट्रेंड हवा म्हणून पुन्हा तिथेच, आणि पंधरा वर्षांत त्याचीच परंपरा झाली.

यंदा दिवस ३०, पैसे गेल्या वेळेपेक्षा कमी. म्हणून मुख्य अभियंत्यांनी सांगितलंय की बिंदू जोखमीवरून निवडा. बिघाडाची शक्यता आणि त्याचा परिणाम, दोन्हीला १ ते ५ गुण, गुणाकार करायचा. तेल शुद्धीकरणवाल्यांनी एपीआय ५८० मध्ये आणि युरोपने २०१८ च्या ईएन १६९९१ मध्ये हेच मांडलंय. कागदावर अगदी सोपं.

२६ जुलै

शटडाऊनआधीची गरम फेरी. हे काम युनिट चालू असतानाच होतं, नंतर पश्चात्तापाशिवाय हाती काही लागत नाही. मेन स्टीम (बॉयलरची वाफ टर्बाइनला नेणारा) आणि हॉट रिहीट (पुन्हा तापवलेली वाफ नेणारा) या पाइपांचे सगळे हँगर, म्हणजे पाइप टांगून धरणारे आधार, पाहिले. प्रत्येक हँगरला एक काटा असतो, गार आणि गरम अशा दोन खुणा असतात. पाइप तापून ५४० अंशाला गेला की लांबतो, काटा गरम खुणेकडे सरकायला हवा.

एम-१४ चा काटा गार खुणेवरच. गेल्या दोन ओव्हरहॉलच्या नोंदींत त्याच्यापुढे 'ओके' लिहिलंय. बहुधा गार असतानाच पाहिला असणार, त्यामुळे ओके असणारच!

तो हँगर गंजून जाम झाला असेल तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या वेल्डवर जातोय. जुन्या यादीत त्या वेल्डचं नाव नाही. त्याच्यापासून चार मीटरवरच्या, प्लॅटफॉर्मला लागून असलेल्या वेल्डचं आहे.

गरम फोटो सगळे काढले. घामाने चष्मा तीनदा पुसावा लागला.

२९ जुलै

गुण देण्याची बैठक. ऑपरेशन, बॉयलर मेंटेनन्स, टर्बाइन, केमिस्ट्री आणि आम्ही तपासणीवाले. साडेचार तास. चहा दोनदा, भांडण एकदा.

भांडण वॉटर वॉलवरून, म्हणजे भट्टीच्या भिंतींतल्या पाण्याच्या ट्यूबांवरून. मेंटेनन्सचं म्हणणं, ट्यूब लीकेज सगळ्यात जास्त तिथेच, मग गुण सगळ्यात जास्त तिलाच. त्यांचा त्रास खरा आहे, रात्री दोनला फोन त्यांनाच जातो. ४८ तास युनिट बंद म्हणजे पूर्ण भाराने धरलं तर एक कोटी युनिट वीज गेली, तोटा छोटा नाही. पण ट्यूब फुटते ती भट्टीच्या आत, माणसं बाहेर असतात. हॉट रिहीट पाइप फुटला तर माणसांच्या वाटेवर फुटतो. अमेरिकेत नेवाडातल्या मोहावे केंद्रात ९ जून १९८५ ला लांबीच्या वेल्डवर तो फाटला आणि ६ माणसं गेली. आमचा पाइप सीमलेस आहे, लांबीचा वेल्डच नाही, म्हणून शक्यतेचे गुण कमी, परिणामाचे पाच. शेवटी वॉटर वॉल ४×३, हॉट रिहीट २×५. वॉटर वॉलच पुढे राहिली, पण माझा हट्ट मान्य झाला: परिणाम ५ असेल तिथे गुणाकार कितीही येवो, किमान एक तपासणी व्हायचीच.

बाकीच्या ओळी भराभर गेल्या. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या रीसर्क्युलेशन लाइनला दोन मिनिटंही लागली नाहीत. पंपातून पाणी कमी जातंय असं झालं की तो तापू नये म्हणून थोडं पाणी डीएरेटरला, म्हणजे पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीला, परत सोडायचं, त्यासाठीची ४ इंची लाइन. तक्त्यात 'इंटरमिटंट (अधूनमधून), फक्त स्टार्टअपला' असं आधीच टाइप केलेलं. शक्यता १, परिणाम ४. पुढे.

३ ऑगस्ट

युनिट परवा रात्री बाहेर काढलं. बॉयलर अजून गरम, पेन्टहाऊसमध्ये, म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरच्या खोलीत, जाता येत नाही. परांचीवाल्यांची १० माणसं कमी. पाऊस. नोंद करण्याजोगं काही नाही.

६ ऑगस्ट

शेवटच्या सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूब. पोलाद टी-२२, म्हणजे सव्वादोन टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम. आतल्या बाजूने वाफेमुळे ऑक्साइडचा थर चढतो. अल्ट्रासॉनिकने बाहेरूनच त्याची जाडी कळते. थर जितका जाड, तितकी ती ट्यूब जास्त तापून चाललेली. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) मोजक्या ट्यूबांवर असतात, हा थर मात्र प्रत्येक ट्यूबने स्वतःच लिहून ठेवलेला हिशोब.

डावीकडे ०.२६ ते ०.३१ मिलिमीटर. उजवीकडे ०.४८, ०.५२, एका ट्यूबवर ०.५५. कोपऱ्यांतून गोल फिरवत जाळणाऱ्या भट्टीत वायूचा भोवरा वर येईपर्यंत पुरता मोडत नाही, एक बाजू जास्त गरम राहते, हे पुस्तकातलंच आहे. जुनी मोजणी मात्र सगळी डावीकडची, कारण मॅनहोल डावीकडे.

तरुण सहायक अभियंत्याने विचारलं, "मॅडम, दहाएक अंशांचा असा काय फरक पडतो?" त्याला लार्सन-मिलर, म्हणजे तापमानावरून आयुष्य काढायचं सूत्र, करून दाखवलं. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन. १ लाख तासांचा लॉग ५, त्यात २० मिळवले की २५. गुणाकार २०,३२५. आता ताण तोच ठेवून तापमान ५५० अंश करा, ८२३ केल्विन. २०,३२५ भागिले ८२३, आले २४.७. त्यातून २० वजा, उरले ४.७. म्हणजे जेमतेम ५० हजार तास. दहा अंशांत आयुष्य निम्मं. ५५५ अंशाला ३५ हजार. तो गप्प झाला, मग स्वतःच उजव्या बाजूच्या आणखी ४० ट्यूबांना खडूच्या खुणा करायला गेला.

उजवीकडच्या दोन ट्यूब कापून प्रयोगशाळेत पाठवायच्या. हेडर, म्हणजे सगळ्या ट्यूब जिथे जुळतात तो जाड पाइप, त्याच्या आत फायबरस्कोपने भोकांच्या मधल्या पट्ट्या पाहिल्या, चिरा नाहीत.

९ ऑगस्ट

आज नागपंचमी, कॅन्टीनमध्ये तवा बंद, सगळं उकडलेलं.

आज मिहामाला २० वर्षं झाली. जपानच्या फुकुई प्रांतातली अणुभट्टी, पण फुटला तो टर्बाइनकडचा साधा कार्बन स्टीलचा पाण्याचा पाइप. अणूशी त्याचा काही संबंध नव्हता. असा पाइप आपल्याकडेही आहे. आत सुमारे १४० अंशांचं पाणी, ऑरिफिसच्या (भोकाच्या चकतीच्या) पुढचा तुकडा, १० मिलिमीटरची भिंत २८ वर्षांत आतून झिजून कागदासारखी झाली होती. ९ ऑगस्ट २००४ ला फाटला, ५ कामगार गेले. ते तिथे होते ते जवळ आलेल्या शटडाऊनची तयारी करायला. त्या २८ वर्षांत तो बिंदू एकदाही मोजला गेला नव्हता, कारण यादी करताना तो सुटला होता. सुटल्याचं लक्षात आल्यावर मोजणी ठरली ती १४ ऑगस्टला.

जेवून परत ऑफिसात आले. आमच्या तक्त्यात २०६ ओळी आहेत आणि आपण त्या ओळींना गुण देतोय. ज्याची ओळच नाही त्याला शून्य गुण, आणि शून्याला कितीनेही गुणा. म्हणून उलटा हिशोब लावायला बसले: पी अँड आयडी, म्हणजे सगळे पाइप आणि उपकरणं दाखवणारी ड्रॉइंग घ्यायची आणि जिची जाडी आजवर एकदाही मोजलेली नाही अशी प्रत्येक लाइन लिहून काढायची. साडेअकरापर्यंत ३७ झाल्या. त्यातल्या काही तक्त्यात आहेत, पण गुण अंदाजाने दिलेले. रीसर्क्युलेशन लाइन त्यातलीच.

१० ऑगस्ट

ती ३७ ची यादी घेऊन काकांकडे गेले. काका आमच्याच बॉयलर सेक्शनचे निवृत्त फिटर, आता ठेकेदाराकडे सुपरवायझर. युनिट उभं राहिलं तेव्हापासून इथे. त्यांनी चष्मा वर केला, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले.

"हे काहून लिवलं इंटरमिटंट?"

"स्टार्टअपलाच चालते ना काका?"

"मॅडम, थे लाइन तं बाराही महिने गरम रायते. हिवाळ्यात आमचे पोट्टे तिथंच डबे ठेवत."

कंट्रोल रूममध्ये वाल्व्ह 'क्लोज' दाखवतो, लाइन गरम. म्हणजे वाल्व्ह पासिंग, बंद असूनही पाणी सोडतोय. पासिंगच्या कहाण्या प्लांटमध्ये पोत्याने मिळतात, म्हणून ट्रेंड काढले. पंपांच्या सक्शनचा प्रवाह, त्यातून बॉयलरला गेलेलं पाणी वजा, वाफेचं तापमान आवरायला फवारलेलं स्प्रेचं पाणी वजा. वाल्व्ह बंद असतानाही बी पंपावर तासाला २० ते २५ टनांचा हिशोब लागेना. फ्लो मीटरची चूक ८-१० टन धरली तरी उरतंच. मागे जाऊन पाहिलं तर निदान सहा वर्षं.

त्यात आणखी एक. दुपारी सौर वीज आली की आम्हाला भार ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगतात. पाच-सात वर्षांपूर्वी हे असं रोजचं नव्हतं. भार उतरला की पंपातलं पाणी कमी होतं, आणि वाल्व्ह नियमानेही उघडतो. म्हणजे 'फक्त स्टार्टअपला' हा शब्द १९८७ मध्ये खरा होता.

शक्यता १ वरून ४. परिणाम ४ चा ५ केला, कारण त्या लाइनखालून पंप ऑपरेटर दर तासाला फेरी मारतो. ४ चे २० झाले. तक्त्यात खालून दुसरी असलेली ओळ वरून पहिली.

१३ ऑगस्ट

बी पंपाच्या लाइनची लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, काढली. वाल्व्हनंतरचा पहिला बेंड. बाहेरून पाइप नवाकोरा, रंगसुद्धा जागेवर. २५ मिलिमीटरच्या चौकटी आखल्या, जाडी मोजणारा डी-मीटर लावला.

मूळ भिंत ८.५६. सरळ तुकड्यावर ८.१, ८.०, ८.२. बेंडच्या बाहेरच्या वळणावर ६.४, ५.१, ३.८, २.९.

२.९ वाचल्यावर तपासनीसाने प्रोब उचलला, कॅलिब्रेशन ब्लॉकवर पाहिला, पुन्हा लावला. २.९. दुसरं मीटर मागवलं. ३.०. कुणी काही बोललं नाही. काका शेजारी होते, त्यांनी तंबाखू चोळायची थांबवली एवढंच.

संध्याकाळी गणित केलं. वाल्व्हनंतरचा दाब एरवी कमीच असतो, डीएरेटरइतका. पण डीएरेटरजवळ हाताने फिरवायचा आयसोलेशन वाल्व्ह आहे. तो कुणी बंद केला आणि अलीकडचा वाल्व्ह पासिंग असला, तर पंपाचा १८० किलोचा पूर्ण दाब या बेंडवर येतो. ११४.३ व्यासाला २.९ ची भिंत, ताण सुमारे ३५० मेगापास्कल. या कार्बन स्टीलची यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा, २४०. मूळ जाडीला तोच ताण १२० च्या आत असता. हा आयसोलेशन वाल्व्ह कायम उघडा, साखळी-कुलपात हवा. वर चढून पाहिलं. साखळी आहे, कुलूप नाही.

झोप उशिरा लागली.

१४ ऑगस्ट

ए पंप ५.४, सी पंप ६.७. तिन्ही बेंड बदलायचे. बी चा बेंड कापला. आतली बाजू संत्र्याच्या सालीसारखी, चकचकीत, गंज नावालाही नाही.

केमिस्ट्रीवाल्यांना बोलावून दाखवलं. ते आधी बचावात होते: पीएच बरोबर, ऑक्सिजन मर्यादेच्या खूप खाली, पाणी उत्तम. त्यांना म्हटलं, तुमचं पाणी उत्तम आहे म्हणूनच. पोलादावर मॅग्नेटाइटचा जो पातळ थर असतो तोच त्याचं रक्षण करतो. ऑक्सिजन जवळपास नाही, वर हायड्राझीन, पाणी १६० अंशांच्या आसपास आणि वेगात. अशा पाण्यात तो थर विरघळत राहतो, खालचं पोलाद नवा थर बनवायला स्वतःला झिजवत राहतं. वाल्व्हनंतर दाब पडून थोडी वाफही होते, बेंडवर वेग आणखी वाढतो. मूळ कार्बन स्टीलमध्ये क्रोमियम जवळजवळ नाही, इथे खरी मेख आहे. सव्वा टक्का असतं तर ही झीज नगण्य राहिली असती.

म्हणून तसाच पाइप पुन्हा बसवायचा नाही. पी-११, म्हणजे सव्वा टक्का क्रोमियमचा, लावायचा.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. नंतर स्टोअर. पी-११ चा ४ इंची पाइप रेकॉर्डवर १२ मीटर, रॅकवर सात. बॉयलर नियमांचं (आयबीआर) प्रमाणपत्र सापडायला दोन तास. बेंड नाहीत, मागवावे लागणार.

१९ ऑगस्ट

राखी. भावाचा फोन एम-१४ च्या परांचीवर घेतला.

हँगर खरंच जाम होता; पिनवर दर वर्षीच्या रंगाचे इतके थर चढलेले की पिन आणि कान एकजीव. त्याच्या शेजारच्या वेल्डवर रेप्लिका घेतल्या. घासून आरसा, मग नायटल (आम्लाचं द्रावण), मग ॲसिटोनने मऊ केलेली फिल्म चिकटवून पोलादाच्या पृष्ठभागाचा ठसा. सूक्ष्मदर्शकाखाली कार्बाइड गोल झालेले, वयाला शोभेसे. उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात सुट्या सुट्या पोकळ्या दिसल्या, ओळीत लागलेल्या नाहीत. न्यूबाउअरच्या वर्गीकरणात 'ए'. पोकळ्या ओळीने लागल्या तर 'बी', त्या जुळून बारीक चीर झाली तर 'सी', डोळ्याला दिसणारी चीर 'डी' आणि मग युनिट चालवायचंच नाही.

चार मीटरवरच्या, वर्षानुवर्षं तपासल्या जाणाऱ्या वेल्डवर एकही पोकळी नाही. दोन्ही रेप्लिका शेजारी ठेवून फोटो काढला. पुढच्या बैठकीत बोलण्यापेक्षा तो दाखवीन.

घाबरण्याचं कारण नाही, विसरण्याचंही नाही. हँगर बदलायचा, पुढच्या ओव्हरहॉलला हीच जागा, याच खुणेवर. पंचने खूण केली.

२४ ऑगस्ट

बेंड आले. वेल्डचा पहिला थर (रूट) टिग पद्धतीने, वर आर्क. एक्स-रे रात्री, कारण दिवसा परिसर रिकामा करता येत नाही. नऊपैकी एका जोडात स्लॅग (आत अडकलेली मळी), पुन्हा केला. बी चा रीसर्क्युलेशन वाल्व्ह उघडला तर सीटवर पाण्याने सुरीने कोरावी तशी खाच. इतकी वर्षं तो 'क्लोज' म्हणत होता तो फक्त काट्याची जागा पाहून.

प्रयोगशाळेचा निकालही आज: ट्यूबांचं उर्वरित आयुष्य पुरेसं, पण उजवीकडच्या १८ ट्यूब पुढच्या ओव्हरहॉलला बदलण्याची शिफारस. ऑर्डर आत्ताच टाकली तर मिळतील.

२ सप्टेंबर

पोळा. गावाकडचे निम्मे हेल्पर सुट्टीवर, त्यांना अडवण्यात अर्थ नाही. उद्या तान्हा पोळा, म्हणजे उरलेलेही.

बॉयलरची हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, पास. सगळ्यांनी हात मिळवले. एक गोष्ट मात्र मी बैठकीत मुद्दाम बोलले: हायड्रोचा दाब इकॉनॉमायझरपासून पुढे वाफेच्या वाल्व्हपर्यंत असतो. पंपाची रीसर्क्युलेशन लाइन त्या कुंपणाच्या बाहेर आहे. गेल्या ३७ वर्षांत किती हायड्रो पास झाल्या असतील, एकीनेही तो बेंड पाहिला नसता. मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "मॅडम, सणाच्या दिवशी तरी." हसले सगळे, पण मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

आयसोलेशन वाल्व्हला कुलूप लागलं. किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे, रजिस्टरवर सही.

६ सप्टेंबर

काल लाइट-अप (बॉयलर पेटवला), आज पहाटे ४.४० ला सिंक्रोनाइझ, म्हणजे युनिट ग्रिडला जोडलं. ३० दिवसांचं काम ३६ दिवसांत. उशिराचा खुलासा मागितला आहे, त्यात बेंडसाठी थांबलेले दिवस वेगळे दाखवते.

भार १८० वर गेल्यावर गरम फेरी. एम-१४ चा काटा गरम खुणेपासून ४ मिलिमीटरवर, चालेल. खाली बी पंपापाशी आले तर काका आधीच तिथे, तळहात नव्या लॅगिंगच्या फटीतून पाइपवर टेकवून उभे. मी थर्मामीटर लावला. वाल्व्ह बंद, ४१ अंश.

"आता पोट्ट्यांनी डबे कुठं गरम करावं?" काका म्हणाले.

३७ पैकी ११ लाइन मोजून झाल्या. उरलेल्या २६ पैकी नऊ युनिट चालू असतानाही मोजता येतील, त्यांची परमिटं सोमवारी टाकते. युनिट ४ ची ड्रॉइंग मागवली आहेत. त्याचाही तक्ता तयार आहे म्हणे, रीसर्क्युलेशनपुढे तोच शब्द, आमच्याकडूनच कॉपी केलेला.